एकतीस फेब्रुवारी

त्किबुलीत खाण निम्मी बंद पडली
तरी वाळत घातलेल्या चादरीला कोळशाचा वास येतोच.
नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, विजेच्या शेगडीकडे पाय करून,
शोरेना खाणकामगारांची जुनी नोंदवही
नव्या डेटाबेसमध्ये उतरवते आहे.

रकाना तिसरा, जन्मतारीख.
आजवर नुसता मजकूर होता,
आता त्याला तारीख व्हायचं आहे.
एकच ओळ लिहायची: याला तारीख मान.
बाकीचं यंत्र बघून घेईल.

यंत्र बघून घेत नाही.

काल बिल्ला क्रमांकांचे आकडे केले.
००४१२ चा उरला ४१२,
पुढची दोन शून्यं खाली उतरली ती वर आलीच नाहीत.
परवा पाळीचे तास पूर्णांकात बसवले
तर पावणेआठाचे सात झाले.
कुणीतरी कुदळ मारत घालवलेला पाऊण तास
एका कंसात गडप.
आणि आकडेच मजकूर म्हणून रांगेत उभे केले
तर शंभर दोनाच्या पुढे घुसला, दहा नवाच्या पुढे.
पहिलं अक्षर बघून मान देणारी रांग.
शोरेनाने अशा रांगा लहानपणी पाव आणताना पाहिल्यात.

आज चार हजार एकशे अठराव्या ओळीवर सगळं अडलं.
ओतिया ख्वेदेलिद्झे.
जन्म: ३१ फेब्रुवारी १९५३.

शाई निळी, हस्ताक्षर वळणदार, खाडाखोड नाही.
चूक अशी दिसत नाही.
चूक घाईत असते, तिचं शेपूट वाकडं असतं.

शनिवारी ती मिनीबसने नाकेरालाच्या वाटेवर गेली,
लामाराच्या घरी. तेहेतीस वर्षं ही वही लामाराची होती.
लामारा अक्रोड फोडत होती, हातोडीने, उंबऱ्यावर ठेवून.
ओतिया? हो. आईबरोबर आला होता, कान लाल झालेले.
कागद घराबरोबर जळाले होते.
आई म्हणाली, फेब्रुवारी सरत होता, बर्फ दाराच्या कडीपर्यंत.
अठ्ठावीस लिही, साहेब म्हणाले.
लामाराने गर एका वाटीत टाकला, टरफल दुसऱ्या.
अठ्ठावीस लिहिलं असतं तर लोकांनी खरं मानलं असतं ना.
मी असं लिहिलं
की वाचणाऱ्याला कळावं, आम्हाला माहीत नाही.

शोरेना परतीच्या बसमध्ये खिशातले अक्रोड मोजत राहिली.
सात. की आठ, एक फुटका होता.

सोमवारी तिने ओळ बदलली:
जमलं तर तारीख कर, नाही जमलं तर रिकामं ठेव.
रिकामं म्हणजे शून्य नव्हे.
शून्याला निदान बेरजेत जागा असते.
रिकाम्याला रिकाम्याशी ताडून पाहिलं
तर तो "हो" म्हणत नाही, "नाही"सुद्धा म्हणत नाही.
आणि पेन्शनचं गणित काय रिकाम्यावरून करणार?

मंगळवारी ओतिया स्वतः आला, सहीसाठी,
टोपी हातात, नखांत अजून काळं.
तुमचा वाढदिवस कधी? तिने सहज विचारावं तसं विचारलं.
अठ्ठावीसला, तो म्हणाला. बायकोने ठरवलाय.
मग थोडं थांबून, दाराकडे बघत:
आई असेपर्यंत बर्फ वितळायला लागला की व्हायचा.
कधी मार्चातसुद्धा.

तो गेल्यावर तिने तारखेच्या रकान्यात अठ्ठावीस टाकले,
पेन्शनपुरते,
आणि शेजारी एक रकाना वाढवला, मजकुराचा,
लांबीची मर्यादा न घालता.
नाव दिलं: सांगितलं तसं.
त्यात एकतीस फेब्रुवारी जसाच्या तसा ठेवला,
त्यापुढे स्वल्पविराम,
त्यापुढे बर्फ, कडी, आई.

कुणी विचारलं हा रकाना कशाला,
तर काय सांगायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही.
चार हजार एकशे एकोणिसावी ओळ बिनतक्रार उतरली.
कुणी वाझा. दहा मे.
तिने ती दोनदा तपासली.